पबमेडवर ‘काहीच सापडत नाही’ म्हणण्याआधी

वैद्यकीय संशोधनाचे पेपर शोधायची वेबसाइट पबमेड फुकट आहे, लॉगिन लागत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. खासगी हॉस्पिटलात शिफ्ट करत एम.एस्सी. नर्सिंगचा सिनॉप्सिस, म्हणजे थिसिसचा आराखडा, लिहिणाऱ्या सिस्टरांसाठी हे लिहितेय. माझंही थिसिसचं घोडं अजून गंगेत न्हालेलं नाही.

मुद्द्याचं आधी. डावीकडे ‘फ्री फुल टेक्स्ट’चा, म्हणजे पूर्ण पेपर फुकट मिळतो तेवढेच दाखवणारा, फिल्टर असतो. एकदा टिक केली की ती पुढच्या शोधालाही लागूच राहते, विषय बदलला तरी. मग विकतचे पेपर दिसतच नाहीत, आणि आपल्याला वाटतं, ते नाहीतच. निकालांच्या वर ‘फिल्टर्स अप्लाइड’ एवढी बारीक ओळ येते, शेजारी ‘क्लिअर ऑल’. नाइट करून ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्याने मोबाइल बघताना ती ओळ कोण वाचतंय? माझा विषय व्हेंटिलेटरवरच्या पेशंटची ओरल केअर, म्हणजे तोंडाची स्वच्छता. त्यावर ढिगाने काम झालंय. पण फ्री फुल टेक्स्ट आणि वर पाच वर्षांची मर्यादा अशा दोन्ही टिका तशाच राहिलेल्या, त्यामुळे ‘या विषयावर अभ्यास कमी आहेत’ असं सिनॉप्सिसमध्ये ठोकून दिलं. समितीतल्या सरांनी तिथल्या तिथे आपल्या फोनवर तेच शब्द टाकले आणि स्क्रीन माझ्यापुढे धरली. पानंच्या पानं!

तेव्हा प्रत्येक शोधाआधी ‘क्लिअर ऑल’. प्रत्येक. आधी सगळे निकाल बघा, आकडा वहीत लिहा, मग गाळा. आणि फक्त फुकट मिळाले तेवढेच पेपर वाचून लिहिलेल्याला रिव्ह्यू म्हणू नका.

मेश टर्म, म्हणजे पेपरांना विषयानुसार लावलेले ठरावीक शब्द, वापरा, पण एकट्या मेशवर विसंबू नका. सगळ्याच पेपरांना ती लागलेली नसते. सोबत साधे शब्द ‘ऑर’ने (OR) जोडा.

फुल टेक्स्टसाठी इतकं घाबरायचं कारण नाही. पीएमसीत, म्हणजे पबमेड सेंट्रल या पूर्ण पेपरांच्या मोफत संग्रहात, बघा. कोक्रेन या संस्थेचे, एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास तपासून लिहिलेले रिव्ह्यू प्रकाशित होऊन वर्ष झालं की सगळ्यांना मोफत असतात. ओरल केअरवरचा 2020 चा मला तसाच मिळाला. नाहीच मिळालं तर लेखकाला दोन ओळींचा ईमेल टाका. बरेच जण पीडीएफ पाठवतात, खरंच. वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही केंद्र सरकारची जर्नल्स वाचायला देणारी योजना 1 जानेवारी 2025 पासून सुरू आहे, 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 जर्नल्स त्यात आहेत. पण ते सरकारी उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी. आपण खासगीवाले बाहेर. सरकारी कॉलेजात असाल तर आजच ग्रंथपालांना गाठा. माझ्या मते चांगला ग्रंथपाल दोन गाईडना भारी पडतो. गाईड ‘लिटरेचर वाढवा’ म्हणून मोकळे होतात, ते कुठून वाढवायचं हे ग्रंथपालच दाखवतो.

स्टेशनबाहेर टायपिंगवाल्याकडे मिळणारे तयार सिनॉप्सिस घेऊ नका. चॅटजीपीटीने दिलेला प्रत्येक संदर्भ पीएमआयडी (पबमेडवरचा पेपरचा क्रमांक) टाकून तपासा. त्यातले काही पेपर जन्मालाच आलेले नसतात.

शोध नीट जमला की माय एनसीबीआयवर (पबमेडचीच खात्याची सोय) खातं उघडून तो सेव्ह करा. नवीन पेपर आला की मेल येतो. सेव्ह करताना मात्र वरची ती बारीक ओळ पुन्हा एकदा बघा, नाहीतर मेलही गाळूनच येतील.