सोयाबीनचे घरचे बियाणे: वाळवलेला दाणा रात्री उघडा ठेवू नका

सोयाबीनची मळणी आटोपली की बियाण्यासाठी राखलेला माल खळ्यावर दोन-तीन दिवस उन्हात वाळतो आणि रात्री तसाच उघडा पडून राहतो. पुढे जूनमध्ये उगवण निम्म्यावर आली की दोष वाणाला दिला जातो. मराठवाड्यात आणि विदर्भात हे नुकसान मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

दव पडलेले दिसले नाही म्हणजे दाणा कोरडा राहिला, हा समज चुकीचा आहे. मोकळ्या हवेत बाष्पाचे पाणी होण्यासाठी सापेक्ष आर्द्रता (हवा जास्तीत जास्त जेवढे बाष्प धरू शकते त्याच्या किती टक्के बाष्प तिच्यात आहे ते) 100 टक्क्यांपर्यंत जावी लागते. दाण्यातल्यासारख्या अतिसूक्ष्म छिद्रात मात्र पाण्याचा पृष्ठभाग आत वळलेला असल्यामुळे ते त्याआधीच होते. विल्यम थॉमसन (लॉर्ड केल्विन) यांच्या 1871 च्या सूत्राने हिशेब केल्यास 10 नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) त्रिज्येच्या छिद्रात सुमारे 90 टक्के आर्द्रतेला, तर 2 नॅनोमीटरच्या छिद्रात सुमारे 60 टक्क्यांनाच पाणी साचते. दाण्यातील प्रथिनेही ओलावा धरतात, हे खरे; पण घातक बाब अशी की एकदा शिरलेला ओलावा त्याच आर्द्रतेला बाहेर पडत नाही, त्यासाठी हवा आणखी कोरडी लागते. त्यामुळे एका रात्रीत घेतलेला ओलावा दुसऱ्या दिवशीच्या उन्हात पूर्ण निघेलच, याची खात्री नाही.

म्हणून ऊन उतरताच माल गोळा करावा, दाणा हाताला कोमट लागेनासा झाला की ढीग ताडपत्रीने झाकावा आणि सकाळी दव उडाल्यावरच उघडावा. ढगाळ संध्याकाळी तर तासभरही थांबू नये.

इतर कामे:
- मळणी: दाण्यातील ओलावा 13 ते 14 टक्के, यंत्राची गती कमी.
- साठवण: ओलावा 12 टक्क्यांच्या आत, स्वच्छ तागाची पोती.
- थप्पी: लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर, चार-पाच पोत्यांपेक्षा उंच नको.
- खते व कीटकनाशके त्याच खोलीत नकोत.

सिमेंटची फरशीही सच्छिद्रच असते, तेव्हा फळ्यांचे काम टाळू नये.

ओलावा शोषणाऱ्या पुड्या काही दुकानदार आग्रहाने गळ्यात मारतात. त्यांतील सिलिका जेल सूक्ष्म छिद्रांतच पाणी धरते. हवाबंद डब्यात ते उपयोगी आहे, पण तागाच्या पोत्यात बाहेरची हवा सतत येत असल्याने लवकरच भरून निकामी होते. त्यावर पैसा घालवू नये.

ओलावा मोजण्याचे मीटर नसेल तर कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर दाणे व थोडे कोरडे मीठ घालून हलवावे. मीठ काचेला चिकटले तर माल अजून ओला आहे. मीठ चिकटले नाही तरी दाणा दाताखाली कट आवाज करून फुटेपर्यंत मी पोते भरू देत नाही.

पेरणीपूर्वी 100 दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण तपासावी. ती 70 टक्के असल्यास एकरी 30 किलो बियाणे घ्यावे आणि कार्बोक्झिन 37.5 टक्के + थायरम 37.5 टक्के हे बुरशीनाशक मिश्रण बियाण्याला किलोला 3 ग्रॅम याप्रमाणे चोळावे.