गिटार प्रीॲम्पच्या एडिटरचा पडदा कसा सुधारावा

मार्शल कंपनीचा १९९२ सालचा जेएमपी-१ प्रीॲम्प, म्हणजे गिटारचा सिग्नल मुख्य ॲम्प्लिफायरआधी वाढवून त्याला टोन देणारे यंत्र, उदाहरणादाखल घेऊ. दोन ईसीसी८३ व्हॉल्व्ह (निर्वात नळ्या), चार चॅनेल आणि १०० प्रीसेट (साठवलेल्या टोनच्या जागा) असा ऐवज त्यात आहे. मात्र मूल्ये बदलायला एकच फिरता नॉब असल्याने गेन (सिग्नलची वाढ), बेस, मिडल, ट्रेबल ही सगळी एकेक करूनच हाताळावी लागतात. अशा यंत्रासाठी मिडीवरून (वाद्ये आणि संगणक यांच्यातील संदेशांच्या पद्धतीवरून) चालणारा एडिटर, म्हणजे यंत्राची मूल्ये संगणकाच्या पडद्यावरून बदलणारा प्रोग्रॅम, लिहिणारे बहुतेक जण सगळे नॉब एका पडद्यावर मांडले की काम झाले असे समजतात, आणि नेमके तिथूनच खरे काम सुरू होते.

सुधारणेची सुरुवात रंगरूपापासून करू नये. पडद्यावरचा आकडा आणि कानावर पडणारा आवाज यांचा मेळ आहे का, हे आधी पाहावे. एडिटर उघडताच त्याने यंत्राकडून चालू मूल्ये मागवावीत. यंत्र उत्तर देत नसेल, तर सर्व नॉब शून्यावर दाखवण्याऐवजी ते फिकट ठेवावेत आणि ज्याला हात लागेल तोच ठळक करावा, कारण चुकीचा आकडा दिसण्यापेक्षा आकडा न दिसलेला बरा. प्रीसेटचे क्रमांकही तपासून घ्यावेत. मिडीच्या संदेशात ते ० ते १२७ असे जातात, तर बहुतेक यंत्रे १ पासून मोजतात. हा एकाचा फरक राहिला, तर वाजवणाऱ्याचा जपून ठेवलेला टोन शेजारच्या प्रीसेटखाली पुसला जातो. बदललेला पण साठवलेला नसलेला प्रीसेट नावापुढच्या खुणेने ओळखू यावा, आणि साठवण्याचे बटन वेगळे असावे.

यानंतर नॉबच्या चालीकडे वळावे. माउस गोल फिरवायला लावणारा नॉब दिसायला छान वाटला, तरी हाताला त्रासदायक असतो. वर-खाली ओढल्याने मूल्य बदलावे, शिफ्ट दाबल्यास बारीक बदल व्हावा, दोनदा क्लिक केल्यास मूळ मूल्य परत यावे आणि आकडा थेट टाइपही करता यावा. या ओढण्यातच एक अडचण दडलेली आहे. मिडीच्या जुन्या पाच पिनी केबलचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट एवढाच आहे आणि एका बाइटला दहा बिट लागतात. त्यामुळे बारा बाइटचा सिसेक्स (त्या-त्या यंत्रापुरता खास मिडी) संदेश जायला सुमारे चार मिलिसेकंद लागतात, तर वेगवान माउस सेकंदाला हजार वेळा आपली जागा कळवतो. प्रत्येक हालचालीला संदेश पाठवला, तर रांग तुंबते आणि हात थांबल्यावरही आवाज बदलतच राहतो. म्हणून साधारण वीस मिलिसेकंदांनी फक्त ताजे मूल्य पाठवावे. माउस सोडताक्षणीचे शेवटचे मूल्य मात्र कधीही गाळू नये. अनडू करतानाही एक संपूर्ण ओढ हा एकच बदल मानावा.

मांडणी सिग्नलच्या वाटेने असावी: चॅनेल, गेन, टोन, इफेक्ट लूप (बाहेरचे इफेक्ट जोडण्याची वाट), व्हॉल्यूम. निवडलेल्या चॅनेलला लागू नसलेला नॉब जागेवरून न हलवता नुसता निष्क्रिय करावा. अक्षरे मोठी हवीत, कारण वाजवणारा गिटार घेऊन पडद्यापासून हातभर मागे बसतो.

दोन टोनची तुलना करणारे बटन माझ्या मते अत्यावश्यक आहे, पण त्यात दोन्हींची आवाजपातळी सारखी करण्याची सोय हवी, कारण मोठा आवाज कानाला बहुतेकदा सरस भासतो. हे बटन स्पेसबारवरही चालावे, म्हणजे तारांवरचा हात क्षणभरच सुटेल.

शेवटी हा एडिटर तो पूर्वी न पाहिलेल्या गिटारवादकाला द्यावा, ट्रेबल थोडा उतरवून टोन नव्या प्रीसेटमध्ये साठवायला सांगावे आणि आपण काहीही न सुचवता त्याचा हात कुठे अडतो ते टिपून घ्यावे. दुरुस्ती तिथून करावी.