रुंदी, उंची आणि कापलेला मजकूर : एक्सेलमधल्या या चुका टाळा

कॉलममध्ये #### दिसलं की नवख्या माणसाचे हातपाय गळतात. आकडा उडाला, फाइल बिघडली असं वाटून तो तीच रक्कम पुन्हा टाइप करतो. पुन्हा ####. झालेलं एवढंच असतं की आकडा किंवा तारीख कॉलमच्या रुंदीत मावत नाही, आणि अर्धा आकडा दाखवण्यापेक्षा एक्सेल काहीच दाखवत नाही. १,२५,००० मधलं फक्त १,२५ दिसलं असतं तर काय गोंधळ झाला असता, विचार करा. वर कॉलमचं अक्षर असतं, त्या चौकोनाच्या उजव्या कडेवर डबल-क्लिक करा. विषय संपला.

तरीही #### हटत नसेल तर ती तारीख किंवा वेळ उणे आलेली असते. बहुधा वजाबाकीत आधीची आणि नंतरची तारीख उलटसुलट झालेली असते. अशा वेळी कॉलम पडदाभर ताणूनही उपयोग नाही, फॉर्म्युला तपासा.

मला #### चा कधीच राग येत नाही. काहीतरी चुकलंय हे तो ओरडून सांगतो. मजकूर मात्र बिनबोभाट कापला जातो, आणि खरी वाट तिथे लागते.

शेजारचा सेल रिकामा आहे, या भरवशावर राहणं

लांब मजकूर उजवीकडच्या रिकाम्या सेलवर पसरतो, म्हणून तो ‘मावला’ असं वाटतं. उद्या शेजारी कोणी काही लिहिलं की तो तिथेच कापला जातो, आणि एक्सेल कसलीही खूण दाखवत नाही. लिबरऑफिस कॅल्क हे एक्सेलसारखंच दुसरं सॉफ्टवेअर निदान सेलच्या कडेला छोटा लाल त्रिकोण तरी दाखवतं. शेजारी फॉर्म्युला असेल आणि त्याचं उत्तर कोरं येत असेल, तरी तो सेल भरलेलाच धरला जातो. ‘शेजारी काहीच नाही, मग नाव अर्धं का दिसतं’ या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा हेच असतं.

सगळ्या रोंची उंची एकसारखी करणं

ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे, आणि ती नेहमी टापटिपीच्या नावाखाली होते.

एके ठिकाणी दुरुस्तीला आलेल्या वस्तूंची यादी होती. शेऱ्याच्या कॉलममध्ये एकाने नीट लिहिलं होतं : ‘तपासणी झाली, ग्राहकाला एवढ्यात परत पाठवायचं नाही.’ रॅप टेक्स्ट (लांब मजकूर त्याच सेलमध्ये खालच्या ओळीत वळवण्याची सोय) चालू होतं, मजकूर दोन ओळींत बसला होता, सगळं ठीक होतं. मग दुसऱ्याच्या डोळ्यांना वर-खाली उंचीचे रो खुपले. त्याने पूर्ण शीट निवडून रोची उंची १५ करून टाकली. मजकूर सेलच्या वरच्या कडेला लावलेला होता, त्यामुळे पहिली ओळ दिसत राहिली आणि ‘नाही’ दुसऱ्या ओळीसकट गडप झालं. प्रिंट निघाली, वस्तू बांधल्या, रवाना झाल्या. कोणाला शंकाही आली नाही, कारण ‘ग्राहकाला एवढ्यात परत पाठवायचं’ हे वाक्य पुरं वाटतं. आपल्याकडे नकार वाक्याच्या शेवटी येतो, आणि कापलं जातं तेही शेवटचंच. नंतर ‘मी लिहिलं होतं’, ‘इथे तर नाही’ अशी बराच वेळ जुंपली. शेवटी कोणीतरी त्या सेलवर क्लिक केलं आणि वरच्या फॉर्म्युला बारमध्ये अख्खं वाक्य दिसलं.

यामागचं कारण समजून घ्या. रोची उंची तुम्ही एकदा हाताने ठरवली की त्या रोपुरतं एक्सेल स्वतःहून उंची वाढवणं सोडून देतं. पुढे कितीही मजकूर भरा, रो तेवढाच राहतो. उपाय : रो निवडा, डावीकडच्या रो क्रमांकाच्या खालच्या कडेवर डबल-क्लिक करा, किंवा एकामागून एक ऑल्ट, एच, ओ, ए दाबा. उंची पुन्हा आपोआप ठरू लागते. रुंदी-उंची मजकुराप्रमाणे अशी आपोआप बसवण्यालाच ऑटोफिट म्हणतात. उंचीचा आकडा टाइप करण्याची ती छोटी खिडकी मी स्वतः जवळजवळ उघडतच नाही.

देवनागरीत लिहिणाऱ्यांनी तर तिच्यापासून लांबच राहावं. १५ ही उंची कॅलिब्री ११ या इंग्रजी फॉन्टसाठी बेतलेली आहे. मंगलसारख्या फॉन्टला त्याहून जास्त जागा लागते. उंची बांधून टाकली की वरचे रफार आणि खालचे उकार छाटले जातात, आणि मग लोक फॉन्टला शिव्या घालतात.

मर्ज केलेल्या सेलकडून ऑटोफिटची अपेक्षा

होत नाही. कितीही डबल-क्लिक करा, मर्ज केलेला, म्हणजे अनेक सेल जोडून एक केलेला सेल ऑटोफिट मोजतच नाही. मर्जचा मोह मला कळतो, बटण समोरच असतं. पण पुढे सॉर्ट (क्रम लावणं) अडतं, कॉपी-पेस्ट अडतं आणि उंचीही अडते. शीर्षक मधोमध हवं असेल तर सेल निवडा, फॉरमॅट सेल्समध्ये अलाइनमेंटला जा आणि हॉरिझॉन्टलच्या यादीतून ‘सेंटर अक्रॉस सिलेक्शन’ घ्या. दिसायला तसंच, सेल मात्र सुटे राहतात. पाच सेकंद जास्त लागतात, आणि तेवढीही घाई असेल तर पुढचे तास तुमचे तुम्ही मोजा.

मर्ज काढताच येत नसेल, तर दूरच्या एका रिकाम्या कॉलमची रुंदी मर्ज झालेल्या कॉलमांच्या बेरजेएवढी करा, तिथे त्याच रोमध्ये = लावून तोच मजकूर आणा, रॅप चालू करा आणि रो ऑटोफिट करा. रोची उंची त्या सेलप्रमाणे बसते. प्रिंटच्या हद्दीत तो कॉलम येऊ देऊ नका.

मजकूर मावत नाही म्हणून पुढच्या रोमध्ये लिहिणं

पत्त्याची पहिली ओळ एका रोमध्ये, दुसरी खालच्या, तिसरी त्याच्याही खाली. एकदा सॉर्ट दाबलं की कोणाचं गाव कोणाच्या गल्लीत जाईल सांगता येत नाही. ओळ तोडायचीच असेल तर त्याच सेलमध्ये ऑल्ट+एंटर. स्पेसबार दाबत दाबत मजकूर पुढच्या ओळीत ढकलणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलं आहे.

क्रम उलटा करणं

आधी रॅप, मग उंची, सर्वांत शेवटी रुंदी असं केलं की अरुंद कॉलमांत लांबुळके रो तयार होतात, आणि नंतर कॉलम रुंद केला तरी रो उंचच राहतात. माझा क्रम ठरलेला : रुंदी, मग रॅप, मग उंची. मजकूर फारच मोठा असेल तर लक्षात ठेवा, रो ४०९ पॉइंटच्या वर वाढत नाही. उरलेला मजकूर ऑटोफिटनंतरही लपलेलाच राहतो. एवढा मजकूर सेलमध्ये हवाच कशाला, हा प्रश्न वेगळा.

पूर्ण शीटवर डबल-क्लिक

ए-१ मध्ये लांबलचक शीर्षक असेल तर पहिला कॉलम त्याच्याएवढा फुगतो. त्याऐवजी शीर्षक सोडून फक्त खालची माहिती निवडा आणि ऑल्ट, एच, ओ, आय दाबा. निवडलेल्या सेलपुरतंच माप घेतलं जातं.

किरकोळ, पण रोजच्या

‘श्रिंक टू फिट’ वापरू नका. एका सेलचं अक्षर मुंगीएवढं होतं आणि वाचणारा चष्मा शोधतो. बारा किंवा जास्त अंकी आकडा ई-प्लस (१.२३E+११ असा) होऊन दिसतो तो रुंदीमुळे नव्हे. फॉरमॅट नंबर करा. पंधराच्या वर अंक असतील तर आधी सेल टेक्स्ट करून मगच टाइप करा, नाहीतर शेवटच्या अंकांचे शून्य होतात. रुंदी आणि उंची दोन्हीकडे १५ भरून ‘चौकोन का होत नाही’ विचारू नका : रुंदी अक्षरांत मोजतात, उंची पॉइंटमध्ये. पिव्हट टेबल (माहितीचा सारांश करणारा तक्ता) रिफ्रेश केल्यावर रुंदी बदलत असेल तर त्याच्या ऑप्शन्समध्ये ‘ऑटोफिट कॉलम विड्थ्स ऑन अपडेट’ची खूण काढा. आणि पडद्यावर नेमका बसलेला मजकूर कागदावर बसेलच असं नाही. शेवटची ओळ कापली जाते. प्रिंट प्रिव्ह्यू बघा आणि कॉलम किंचित सैल ठेवा.