आई-बाबांना ग्रँड कॅन्यन दाखवताना: पाच रात्री, हजार मैल आणि एक राईस कुकर

२०२३ च्या मार्चमध्ये सांगलीहून आई-बाबा आले, तेव्हा बाबांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "लास वेगास नको. दगड दाखव." आम्ही फिनिक्सजवळ चँडलरला राहतो, म्हणजे दगडांना तोटा नाही. प्रश्न खर्चाचा होता. ओळखीचे लोक सांगत होते ते आकडे ऐकून नवऱ्याने डोक्याला हात लावला होता. शेवटी आम्ही ही ट्रिप स्वतःच आखली. तेव्हापासून दोन-तीन कुटुंबांना हाच रस्ता सांगितला आहे.

आधी रस्ता सांगते. फिनिक्स, विल्यम्स, ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ, पेज, मॉन्युमेंट व्हॅली, चिनली, पेट्रिफाइड फॉरेस्ट आणि परत घरी. सगळं मिळून सुमारे हजार मैल. गोल फिरून निघाल्या जागी परत येता, त्यामुळे गाडी भाड्याची असली तरी दुसऱ्या गावी सोडण्याचा जादा आकार पडत नाही. यात युटाहमधली झायन, ब्राइस ही पार्कं घुसवायचा मोह होतो, तो टाळा. खिशाला सगळ्यात मोठं भोक घाईने पडतं: जास्त पेट्रोल, आणि थकून मिळेल त्या खोलीत मुक्काम.

मुक्काम पार्कच्या दारात करू नका. विल्यम्स दक्षिण काठापासून ६० मैलांवर आहे, जुन्या रूट ६६ वरचं गाव. तिथे साधी मोटेल्स भरपूर आहेत. दोन रात्री तिथेच काढा. खोलीत फ्रीज आणि मायक्रोवेव्ह आहे ना, एवढं विचारून घ्या. आईने पहिल्या दिवसासाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती. पुढे राईस कुकरमध्ये खिचडी, वर मेतकूट. (काही मोटेल्स खोलीत शिजवू देत नाहीत, आधी विचारा. आम्ही विचारलं होतं.) चार माणसांचं रोजचं एक जेवण बाहेर आणि बाकी डब्यातलं, एवढ्यावर खर्च निम्म्याच्या आसपास आला.

तिकिटाचं गणित मात्र बसून करा. सगळे डोळे मिटून राष्ट्रीय उद्यानांचा ८० डॉलरचा वार्षिक पास घ्यायला सांगतात. ग्रँड कॅन्यनला गाडीचे ३५ डॉलर, पेट्रिफाइड फॉरेस्टला २५, म्हणजे या रस्त्यावर पासची गरजच नाही. वर्षभरात टूसानजवळचं सग्वारो वगैरे तिसरं पार्क करणार असाल तरच तो परवडतो. पण २०२६ पासून नियम बदलले आहेत: ८० चा पास फक्त अमेरिकेत राहणाऱ्यांना, बाहेरून आलेल्यांना २५०. आणि असा पास नसलेल्या परदेशी पाहुण्यांना ग्रँड कॅन्यनसह ११ पार्कांत माणशी १०० डॉलर जादा. आई-बाबा भारतातून येणार असतील तर निघण्याआधी पार्कच्या साइटवर हा नियम नीट वाचा. ज्येष्ठ नागरिकांचा स्वस्त पासही त्यांना मिळत नाही. बाबांनी आधार कार्ड सोबत आणलं होतं बिचाऱ्यांनी.

दक्षिण काठावर गाडी एकदा लावा आणि विसरा. आतल्या बस फुकट आहेत. हर्मिट रोडवर तर मार्च ते नोव्हेंबर खासगी गाड्या सोडतच नाहीत. यावापाई म्युझियमच्या खिडकीसमोर फलक आहेत, समोरच्या सुळक्यांची नावं सांगणारे. विष्णू टेंपल, ब्रह्मा टेंपल! डटन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात अशी नावं ठेवायची प्रथा पाडली. आईने तिथेच चपला काढून हात जोडले. तळाच्या काळ्या खडकालाही विष्णूचंच नाव आहे, वय सुमारे १७० कोटी वर्षं. बाबा अर्धा तास हलले नाहीत. काठ सात हजार फुटांवर आहे. मार्चमध्ये आम्हाला बर्फ लागला, स्वेटर हवेतच.

पेजला हॉर्सशू बेंड, म्हणजे नदीचं घोड्याच्या नालेसारखं वळण, बघा. पार्किंगचे १० डॉलर, कुठलाही पास चालत नाही. अँटिलोप कॅन्यन ही अरुंद घळ गाइडशिवाय पाहता येत नाही आणि चौघांचं तिकीट जड पडतं. आम्ही सोडलं, पस्तावलो नाही. पावसाळ्यात, म्हणजे जुलै ते सप्टेंबर, तर अशा घळींत विचार करूनच उतरा. १९९७ च्या ऑगस्टमध्ये तिथे ११ पर्यटक वाहून गेले, आणि पाऊस पडला होता मैलोगणती दूर.

आता आमची फजिती. अ‍ॅरिझोना उन्हाळी वेळेसाठी (ती मार्चमध्येच सुरू होते) घड्याळ तासभर पुढे करत नाही, पण त्याच राज्यातला नवाहो या मूळ रहिवासी लोकांचा प्रदेश करतो. लाल सुळक्यांची मॉन्युमेंट व्हॅली त्यांची. आम्ही फिनिक्सच्या वेळेने रमतगमत पोहोचलो, तर आतला १७ मैलांचा कच्चा रस्ता नुकताच बंद झालेला. मुक्काम जवळच कायेंटाला होता म्हणून निभावलं, सकाळी परत आलो. तिथे माणशी ८ डॉलर, आणि पास इथेही चालत नाही. कायेंटा, चिनलीला खोल्या मोजक्या असतात, त्यांचं बुकिंग सगळ्यात आधी करा.

उत्तरेला युटाहमध्ये व्हॅली ऑफ द गॉड्स आहे. तसेच लाल सुळके, तसाच १७ मैल कच्चा रस्ता, तिकीट शून्य, माणसं जवळजवळ नाहीत. कोरड्या दिवशी साधी गाडी जाते. भाड्याच्या गाडीला कच्चा रस्ता चालतो का, ते करारात बघा. मला विचाराल तर हीच जागा जास्त आवडली.

चिनलीजवळची कॅन्यन डी शे ही दरी काठावरून बघायला पैसे पडत नाहीत. खाली अजून नवाहो कुटुंबं शेती करतात. तिथला स्पायडर रॉक हा उंच सुळका चुकवू नका. शेवटच्या दिवशी पेट्रिफाइड फॉरेस्टमध्ये उत्तरेकडून शिरा आणि दक्षिणेकडून बाहेर पडा, तिथून होलब्रुकवरून घर. दगड झालेले ओंडके सुमारे २१ कोटी वर्षांचे आहेत. तुकडा खिशात घालू नका. नेलेले तुकडे लोकांनी माफीच्या पत्रांसह परत पाठवले आहेत.

पाणी माणशी रोज एक गॅलन. हवा इतकी कोरडी की घाम आलेला कळत नाही. बाबांचं "तहान लागली की पिऊ" पहिल्याच दुपारी संपलं. नंतर तेच आम्हाला बाटल्या मोजायला लावत होते.