भाड्याने राहताय? करार रजिस्टर झालाय का ते आधी बघा
नुसत्या नोटरी केलेल्या अ‍ॅग्रीमेंटवर विसंबून राहू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार (म्हणजे आपला नेहमीचा घरभाड्याचा करार) लेखी आणि रजिस्टर्डच लागतो आणि तो रजिस्टर करायची जबाबदारी घरमालकाची असते, आपली नाही, नाही केला तर त्याला 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि हे तर खूप जणांना माहितीच नसतं की असा रजिस्टर्ड करार नसेल तर वाद झाल्यावर भाडं, डिपॉझिट वगैरे अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. तरी पुरावा ठेवाच, डिपॉझिट कॅश देऊ नका, बँकेतूनच पाठवा आणि चावी घेताना भिंती, नळ, पंखे सगळ्याचा व्हिडिओ काढून मालकाला व्हॉट्सअ‍ॅप करा. सोडताना पैसे अडकवले तर आधी लेखी मागणी, स्पीड पोस्टने. नाहीच ऐकलं तर जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणात (कायदेशीर मदत देणारं सरकारी कार्यालय) जा, केस न टाकताही तिथे समेटासाठी अर्ज करता येतो, आणि बायकांना तर उत्पन्न कितीही असो, वकील फुकट मिळतो.