गेममध्ये काम करायचंय? आधी काम कोणतं ते ठरवा

"मला गेमिंगमध्ये करिअर करायचंय, मार्गदर्शन करा" अशा मजकुराचे मेल मला कायम येतात. मी पुण्यात लेव्हल डिझायनर आहे, आणि टीममध्ये नवीन माणूस घ्यायचा असला की आलेले पोर्टफोलिओ चाळण्याचं कामही माझ्याकडे असतं. मेल लिहिणाऱ्यांचा उत्साह खरा असतो. पण "म्हणजे नेमकं कोणतं काम?" असं उलट विचारलं की बहुतेकांची गाडी अडते. त्यात त्यांचा दोष नाही. डॉक्टर, सीए, सिव्हिल इंजिनिअर दिवसभर काय करतात हे आपण घरात, शेजारीपाजारी बघितलेलं असतं. कॉम्बॅट डिझायनर किंवा टेक्निकल आर्टिस्ट कुणाच्या शेजारी राहत नाही.

म्हणून पहिलं काम हे करा. तुमचा आवडता गेम संपवा आणि शेवटी येणारी श्रेयनामावली पुढे न ढकलता वाचून काढा. आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला 'राजी' घ्या. छोट्या स्टुडिओचा गेम आहे. राजस्थानी धाटणीचे किल्ले आणि छाया-बाहुल्यांतून सांगितलेली गोष्ट. छोट्या टीममध्ये एकेक माणूस किती कामं अंगावर घेतो ते अशा नावांच्या यादीतून कळतं. मग एखाद्या अवाढव्य परदेशी गेमची यादी बघा. तिथे फक्त प्रकाशयोजनेसाठी वेगळी टीम असते, फक्त मेनूची बटणं करणारी वेगळी. प्रत्येक पदनाम वहीत लिहून घ्या आणि ज्याचा अर्थ कळला नाही त्याचा शोध घ्या. एका रविवारचं काम आहे, पण पुढची बरीच भटकंती वाचते.

दुसरा प्रश्न स्वतःला विचारायचा: खेळताना माझं लक्ष कुठे अडकतं? भिंतीवरचा ओलावा किती खरा दिसतोय हे बघायला तुम्ही थांबत असाल तर तुम्ही एन्व्हायर्नमेंट आर्टकडे, म्हणजे गेममधला परिसर बनवण्याकडे, झुकताय. "ही तलवार जरा जास्तच भारी आहे, बाकीची हत्यारं वापरायची गरजच उरत नाही" अशी चिडचिड होत असेल तर गेम डिझाइन, त्यातही सिस्टिम किंवा कॉम्बॅट. भिंतीतून आरपार जाता येतं का हे उगाच तपासत बसत असाल तर क्यूए, म्हणजे गेम तपासून त्यातल्या चुका शोधण्याचं काम. फायली उघडून त्यात फेरफार करून बघत असाल तर प्रोग्रामिंग. ही झुकलेली बाजू ओळखा, मग सॉफ्टवेअर शिकायला घ्या. अनेक जण उलट करतात. आधी सहा सॉफ्टवेअर शिकतात आणि मग स्वतःला "ऑल-राउंडर" म्हणवून घेतात. तसा अर्ज आला की या माणसाला कुठे बसवायचं हेच आम्हाला कळत नाही.

लेव्हल डिझाइन, माझं काम

याबद्दल मी जरा जास्त बोलणार, कारण इथे मला खात्रीने सांगता येतं.

लेव्हल डिझायनर सुंदर देखावे बनवत नाही. खेळणारा कुठून येईल, त्याला काय दिसेल, काय दिसणार नाही, तो कुठे घाबरेल, कुठे दम खाईल, हे जागेच्या रचनेतून ठरवणं हे आमचं काम. ज्यांना हे समजून घ्यायचंय त्यांना मी रायगडाचा महादरवाजा बघून यायला सांगते. दोन प्रचंड बुरुज, आणि त्यांच्या आड दरवाजा अशा रीतीने लपवलेला की वळण घेऊन अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसतच नाही. ही गोमुखी बांधणी. चढून दमलेला शत्रू वळणावर येतो, दरवाजा शोधतो, आणि तेवढ्यात दोन्ही बुरुजांवरून त्याच्यावर मारा होऊ शकतो. पळत येऊन दाराला धडक द्यायला समोर सरळ जागाही नाही. नजर, अंतर, वळण आणि उंची एवढ्यावर रायगड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांनी माणसाच्या हालचाली ठरवून टाकल्या आहेत.

आता हाच चढ इंजिनमध्ये, म्हणजे युनिटी किंवा गोडोसारख्या गेम बांधायच्या सॉफ्टवेअरमध्ये, फक्त करड्या ठोकळ्यांनी उभा करा. दगडाचा पोत नको, गवत नको, सूर्यास्त तर मुळीच नको. याला ग्रेबॉक्स किंवा ब्लॉकआउट म्हणतात. सुरुवातीला मापं ठरवा: खेळणारा किती उंच, तो किती उंच उडी मारतो, वाकला तर किती बुटका होतो. दार त्याच्या मापाने, पायरी त्याच्या मापाने, आडोशाची भिंत त्याच्या मापाने. ही मापं मधेच बदलली तर सगळी लेव्हल पुन्हा बांधावी लागते, म्हणून ती आधी कागदावर.

मग खेळणाऱ्याला शिकवायचं. बुरुजावरचा तिरंदाज पहिल्याच बाणात त्याला मारत असेल तर ती शिकवण नव्हे, तो अन्याय. पहिला बाण त्याच्या पुढ्यातल्या भिंतीत रुतू दे. वर कुणीतरी आहे हे त्याला कळलं. पुढे एक आडोसा दिसू दे, तिथपर्यंत तो धावेल. दुसऱ्या आडोशापर्यंतचं अंतर जरा वाढव. तिसऱ्या वळणावर दोन्हीकडून बाण. आता तो मेला तरी चूक स्वतःची होती हे त्याला पटतं आणि तो पुन्हा खेळतो.

हे बांधून झालं की मित्राला किंवा बहिणीला खेळायला बसवा आणि गप्प राहा. "डावीकडे जा ना" हे शब्द तोंडातून निघता कामा नयेत. ती कुठे थांबली, कुठे उलटी फिरली, कशाला दार समजून धडकली, ते लिहून घ्या. बदल करा, दुसऱ्या माणसाला बसवा. आधीचा नकाशा, नंतरचा नकाशा, दोन्हींचे मिनिटभराचे व्हिडिओ आणि "हे का बदललं" याच्या चार ओळी. असं एक काम पोर्टफोलिओत असेल तर मी तो माणूस मुलाखतीला बोलावते. पाठोपाठ दहा देखणे स्क्रीनशॉट असतील तर तो आर्टिस्ट आहे असं समजून फाइल आर्ट टीमकडे पाठवते.

लिहिणाऱ्यांसाठी

मराठीत छान कथा लिहिणारी मुलं नॅरेटिव्ह डिझाइनबद्दल, म्हणजे गेममधली गोष्ट आणि संवाद रचण्याबद्दल, विचारतात, आणि मोठी कादंबरीछाप पटकथा पाठवतात. गेममधलं लेखन बरंचसं एक्सेल शीटमध्ये होतं. एका ओळीला एक क्रमांक, बोलणाऱ्याचं नाव, प्रसंग, अक्षरांची मर्यादा. साधा पहारेकरी घ्या. त्याला आवाज आला. तो म्हणतो, "कोण आहे तिकडं?" खेळणारा ही ओळ शंभरदा ऐकणार आहे, म्हणून तुम्हाला तिचे दहा-बारा पर्याय लिहायचे आहेत. सगळे दीड सेकंदात बोलून होणारे, आणि सगळ्यांतून एकच गोष्ट कळली पाहिजे: याला संशय आलाय, पण याने तुला अजून बघितलेलं नाही. "काय वाजलं रं?", "मांजर असंल...", "शिरपा, तू हायेस का?" या तिसऱ्या ओळीत आणखी एक पहारेकरी आहे ही माहितीही आली. हे ज्याला जमतं त्याला हे काम जमेल. सरावासाठी ट्वाइन आणि इंक ही दोन्ही साधनं मोफत आहेत. निवडीनुसार फाटे फुटणारी दहा मिनिटांची एक गोष्ट पुरी करा आणि तीच पाठवा.

मराठीतून गेम करणार असाल तर एक तांत्रिक गोष्ट आधीच माहीत असू द्या. युनिटीत मजकूर दाखवायला सर्रास वापरला जाणारा टेक्स्टमेश प्रो देवनागरीची जुळणी आपणहून नीट करत नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते, जोडाक्षरं सुटी पडतात. गोडो ४ मध्ये ही जुळणी मुळातच आहे, तिथे "क्षत्रिय" लिहिलं की "क्षत्रिय"च दिसतं. आपल्या भाषेतले गेम कमी होण्यात अशा बारीकसारीक अडचणींचाही वाटा आहे, आणि त्या सोडवणारे प्रोग्रामर आपल्यातून यावेत असं मला फार वाटतं.

आर्ट, आवाज आणि बाकीचे

आर्टमध्ये शिरण्याचे दरवाजे जास्त आहेत, कारण भारतातले बरेच स्टुडिओ परदेशी गेमसाठी आर्ट करून देतात. कॉन्सेप्ट आर्टिस्टच्या, म्हणजे गेम बनण्याआधी तो कसा दिसेल ते रेखाटणाऱ्याच्या, जागा थोड्या असतात. थ्रीडीवाल्यांना, म्हणजे वस्तू, परिसर, पात्रं बनवणाऱ्यांना, त्यामानाने जास्त मागणी. ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर मोफत आहे आणि शिकायला पुरेसं आहे. एक सायकल, एक पाटा-वरवंटा किंवा लाल डब्याच्या एसटीचं तिकीट यंत्र, काहीही एक घ्या आणि ते गेममध्ये चालेल असं बनवा. जाळी (मेश, म्हणजे मॉडेलचा आकार घडवणाऱ्या रेघा) स्वच्छ, पोत नेमका, आणि शेवटी इंजिनमध्ये ठेवून काढलेला फोटो. मॉडेलचं जाळीचं चित्रही सोबत लावा, आम्ही तेच आधी बघतो. एकाच ट्यूटोरियलमधलं लाकडी पिंप मी इतक्या पोर्टफोलिओंमध्ये बघितलंय की ते दिसलं की माणसाबद्दल काहीच कळत नाही.

टेक्निकल आर्टिस्ट हा आर्ट आणि कोड यांच्या सीमेवरचा माणूस. शेडर, म्हणजे पृष्ठभाग आणि प्रकाश पडद्यावर कसा दिसेल ते ठरवणारा कोड, लिहितो, आर्टिस्टांसाठी छोटी साधनं बनवतो, आणि गेम साध्या फोनवरही अडखळू नये हे बघतो. अशी माणसं मिळता मिळत नाहीत. कोडिंग येतं आणि चित्रही कळतं, अशी दुहेरी ओढ असेल तर ती लपवू नका.

साउंडच्या जागा सगळ्यात कमी. पण ज्यांना कान आहे त्यांनी एफमॉड किंवा वाइज ही गेममध्ये आवाज बसवायची साधनं शिकावीत, कारण नुसता आवाज रेकॉर्ड करता येणं पुरत नाही. तो गेममध्ये कधी, किती आणि कशाने बदलेल हे बांधता यावं लागतं. प्रोग्रामरला मी एवढंच सांगेन की सी++ किंवा सी# यांतली एक भाषा पक्की करा आणि कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट वापरायची सवय लावून घ्या. प्रोड्युसर, म्हणजे टीमचं काम आणि वेळापत्रक सांभाळणारा माणूस, व्हायचं असेल तर आधी टीममध्ये दुसरं काहीतरी करून या.

क्यूए म्हणजे दिवसभर गेम खेळण्याचे पैसे, हा समज काढून टाका. तोच दरवाजा पंचेचाळीस प्रकारे उघडून बघायचा असतो. पण कोणत्याही शाखेच्या पदवीधराला आत येण्याचा हा खरा मार्ग आहे, आणि चांगला टेस्टर गेमला आरपार ओळखतो. "गेम हँग होतो" ही तक्रार झाली. बग रिपोर्ट असा लागतो: कोणता बिल्ड (गेमची कोणती आवृत्ती), कोणता फोन, मराठी भाषा निवडलेली असताना दुकान उघडलं, इन्व्हेंटरी भरलेली असताना खरेदी दाबली, लगेच बॅक दाबलं, स्क्रीन काळी पडली, दहापैकी चार वेळा. काय व्हायला हवं होतं तेही शेवटी लिहायचं. फोनवर असलेल्या कुठल्याही गेममध्ये असे पाच बग शोधा आणि या पद्धतीने लिहून अर्जासोबत जोडा. फार थोडे जण हे करतात.

शिकायचं कुठे, नोकरी कुठे

एनआयडीचा (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) डिजिटल गेम डिझाइनमधला एम.डेस. अभ्यासक्रम आहे, तिथे प्रवेश मिळाला तर जरूर जा. खासगी डिप्लोमांना लाखांत फी भरण्याआधी दोन गोष्टी मागा: गेल्या वर्षीच्या मुलांनी केलेले, आपल्याला खेळून बघता येतील असे गेम, आणि शिकवणाऱ्यांनी काम केलेल्या गेमची नावं. टाळाटाळ झाली तर फी घरातच राहू द्या. जानेवारीत होणाऱ्या ग्लोबल गेम जॅममध्ये भाग घ्या. एका शनिवार-रविवारात अनोळखी माणसांबरोबर गेम पुरा करण्याचा अनुभव कुठल्याही वर्गात मिळत नाही. झालेला गेम इच डॉट आयओ या साइटवर फुकट ठेवता येतो. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात ठेवायला गेममागे शंभर डॉलर भरावे लागतात, ती घाई नंतर.

पुण्यात युबीसॉफ्ट २००८ पासून आहे, 'इंडस' हा गेम करणारा सुपरगेमिंगही इथलाच. बंगळुरूला रॉकस्टार, हैदराबादला ईए. आयजीडीसी ही भारतीय गेम बनवणाऱ्यांची परिषद बरीच वर्षं हैदराबादलाच भरायची, २०२५ मध्ये ती चेन्नईला भरली. विद्यार्थी असतानाच एकदा जाऊन या, तिथे लोक थांबून तुमचं काम बघतात. जाहिरात वाचताना मात्र कंपनी नक्की काय बनवते हे तपासा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर २०२५ च्या कायद्याने बंदी आली, आणि त्या धंद्यातल्या पुष्कळ चांगल्या मुलांच्या नोकऱ्या गेल्या. शिवाय २०२३-२४ मध्ये जगभरच्या मोठ्या स्टुडिओंनी हजारो लोक कमी केले. घरच्यांना हे लपवून ठेवू नका, आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला टाकण्याची सवय पहिल्या पगारापासून लावा.

ऑफर हातात आली की तीन प्रश्न विचारायला लाजू नका. श्रेयनामावलीत माझं नाव येईल का? इथलं काम गेम आल्यावर पोर्टफोलिओत दाखवता येईल का? रिलीजच्या आधी जादा तास किती आणि त्याचा मोबदला काय? माझ्या ओळखीच्या एका आर्टिस्टने तीन वर्षं मन लावून काम केलं आणि तिला दाखवायला एकही चित्र नाही, नावही कुठे नाही. करारात काय लिहिलंय ते सही करण्याआधी वाचायचं. आर्ट टेस्ट, म्हणजे निवडीआधी करून मागितलेलं नमुन्याचं काम, एक-दोन दिवसांत होणारी असेल तर द्या. दोन आठवड्यांचं काम फुकट मागितलं तर मोबदला विचारा.

अर्जाचा मेल छोटा ठेवा. कोणत्या पदासाठी, तुमचं सगळ्यात चांगलं एक काम, त्यात तुम्ही स्वतः काय केलं, आणि लिंक. टीमने केलेलं काम असेल तर बाकीच्यांची नावं लिहा, त्याने तुमचं वजन वाढतं. पोर्टफोलिओत तीनच कामं असली तरी चालतील, त्यातलं सगळ्यात कच्चं काढून दोन ठेवली तर आणखी बरं. आणि पाठवण्याआधी ती लिंक दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर, तुमचं लॉगिन नसताना, उघडते का ते बघा. परवानगी मागणाऱ्या ड्राइव्ह लिंकपाशी अर्ज थांबतो आणि तो पुन्हा उघडायला कुणाला वेळ होत नाही.