पेनड्राइव्ह कॉपी: पट्टी पूर्ण, फाइल मात्र अर्धवट

सांगलीतल्या स्टुडिओत विंडोज १० वरून लग्नाचे व्हिडिओ पेनड्राइव्हवर टाकले की हिरवी पट्टी झटक्यात भरायची. लगेच काढला, तर शेवटची फाइल उघडायची नाही आणि गिऱ्हाईक परत दारात! फॉरमॅट केलं, पोर्ट बदलला, फरक शून्य.

कारण राइट कॅशिंग, म्हणजे डेटा आधी रॅममध्ये (कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या मेमरीत) ठेवून मग पेनड्राइव्हवर लिहिणं: रॅममध्येच पोहोचलेला डेटाही पट्टी 'झाला' म्हणून धरते.

स्टार्टवर राइट क्लिक, डिस्क मॅनेजमेंट. खाली डावीकडच्या, पेनड्राइव्हच्या 'डिस्क १' अशा लेबलवर राइट क्लिक (शेजारच्या पार्टिशनवर नव्हे), प्रॉपर्टीज, पॉलिसीज, 'क्विक रिमूव्हल' (यानं राइट कॅशिंग बंद होतं), ओके. आवृत्ती १८०९ पासून हेच डीफॉल्ट आहे, पण सेटिंग पेनड्राइव्हगणिक वेगळं राहतं, प्रत्येक तपासा.

कॉपीच्या खिडकीत 'मोअर डिटेल्स' उघडं ठेवा. आलेखात वेग आता कमी दिसेल, पण बराचसा खरा. तरीही 'इजेक्ट' करूनच काढा.